कूलर मोटरचे ओम आणि केबिनचा एसी: हिंगण्यातल्या एका टेस्ट बेंचची केस

पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीत एक छोटा कारखाना आहे, नाव सांगत नाही, कूलरच्या मोटरी बनवतात. नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, ताट्या बदलतात, आणि ज्यांची मोटर गेल्या वर्षी कुरकुरत होती ते सगळे एकाच आठवड्यात दुकानात धडकतात. म्हणजे या लोकांचा वर्षाचा धंदा अडीच-तीन महिन्यांचा. मागच्या दोन सीझनला जळालेल्या मोटरी जरा जास्तच परत येऊन राहिल्या होत्या, म्हणून शेठनं ठरवलं की प्रत्येक बॅचमधल्या चार मोटरी तापवून बघायच्या आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, नेमकं किती तापतं ते मोजायचं. त्यासाठी आठ चॅनलचं डेटा अॅक्विझिशन मॉड्यूल घेतलं, म्हणजे आठ ठिकाणची मापं घेऊन कॉम्प्युटरला देणारा डबा. मी पॅनेल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची सुटी कामं करतो, बेंच लावून झाल्यावर आकडे पटेनात तेव्हा मला बोलावणं आलं.

पद्धत जुनीच आहे. तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स (तो ओममधे मोजतात) वाढतो, तर थंड असताना एकदा मोजा, तीन-चार तास चालवून गरम झाल्यावर परत मोजा, दोघांच्या गुणोत्तरावरून गरम वाइंडिंगचं तापमान निघतं. गरम तापमान = (गरम ओम ÷ थंड ओम) × (२३५ + थंड तापमान) − २३५. हा २३५ तांब्यासाठी, अॅल्युमिनियमची तार असेल तर २२५ (स्वस्तातल्या मोटरीत अॅल्युमिनियम असतं बरं का, हे आधी विचारून घ्यायचं, इथं तांबंच होतं). थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) चिकटवून फक्त वरचं कळतं, ओम मोजले की अख्ख्या वाइंडिंगची सरासरी मिळते.

लिमिट त्यांनी घरचीच ठेवली होती, हवेपेक्षा ७५ डिग्रीच्या वर वाढ नको. हिशेब ठीकच होता. क्लास बी इन्सुलेशन १३० डिग्रीचं, मे महिन्यात टाकी आटली की कूलरमधली मोटर थेट ४५ च्या हवेत येते, आणि सरासरीपेक्षा आतली सगळ्यात गरम जागा दहाएक डिग्री वर धरा. ४५ अधिक ७५ अधिक १०, झाले १३०.

मांडणी अशी होती. शेडमधे लोखंडी अँगलच्या फ्रेमवर चार मोटरी पात्यांसकट. मॉड्यूल आणि कॉम्प्युटर काचेच्या केबिनमधे, कारण शेडमधे धूळ आणि टिनाचं छत. मधे १२ मीटर केबल, अर्धा स्क्वेअर एमएमची. प्रत्येक मोटरला कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच), चालू असताना २३० व्होल्ट, बंद केलं की चेंजओव्हर होऊन तेच वाइंडिंग मॉड्यूलला जोडलं जायचं. टेस्ट संपताना शेडमधल्या भिंतीवरच्या थर्मामीटरवरून हवेचं तापमान टेस्टिंगचा पोट्टा टाइप करायचा. थंड तापमान सॉफ्टवेअर आपोआप घेतं असं मला सांगितलं, मी मान डोलावली आणि पुढं गेलो. हे लक्षात ठेवा, पुढं येतंय.

नेमकी अडचण

सुपरवायझर भाऊंनी मला प्रिंटआउट दाखवला. एकाच बॅचच्या, एकाच तारेच्या चार मोटरी, तापमानवाढ आली ५३, ६६, ७४ आणि ६१. "हे पाहा ना भाऊ, चारही सख्ख्या बहिणी आहेत आन् एक ५३ वर, एक ७४ वर, असं कसं होऊन राहिलं?" मग ७४ वालीच दुसऱ्या दिवशी परत चालवली तर ५८. शेठला फारसं टेन्शन नव्हतं, त्यांचं म्हणणं चारही ७५ च्या खाली आहेत ना, मग पास. खरं सांगायचं तर भाऊंनी हट्ट धरला नसता तर ही केस झालीच नसती.

शिवाय रीडिंग उड्या मारायचं. एक मोटर बंद करून मोजत असताना बाकीच्या तीन चालू असल्या की आकडा अर्धा-पाऊण ओम खालीवर. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना मोजलं तर एकदम शांत.

आता इथं प्रमाण समजून घ्या. वाइंडिंग साधारण ४५ ओमचं. एक डिग्री वाढली की फक्त ०.१७५ ओम वाढतात. मॉड्यूल मोजायला १ मिलिअँपिअर करंट पाठवतं, म्हणजे एका डिग्रीचे ०.१७५ मिलिव्होल्ट. कुठं एखादा जोड अर्ध्या ओमनं ढिला झाला की सरळ तीन डिग्रीची थाप.

समोर कोणते पर्याय होते

शेठचा पहिला पर्याय मॉड्यूल परत करायचा. "मशीनच खराब दिसते, बदलून मागू." सीझन सुरू, बदलून यायला किती दिवस लागतील देव जाणे, आणि मला मॉड्यूलवर शंका नव्हती कारण जेवणाच्या सुट्टीत ते शांत बसत होतं.

दुसरा म्हणजे हातातलं ओम मीटर घेऊन पोट्ट्यानं प्रत्येक मोटरला क्लिपा लावायच्या. स्वस्त, पण मोटर बंद केल्यावर वाइंडिंग लगेच थंड व्हायला लागतं. मोटरींचं स्टँडर्ड आहे आयएस/आयईसी ६००३४-१, त्यात छोट्या मशीनसाठी पहिलं रीडिंग ३० सेकंदांच्या आत हवं असं आहे. एका माणसानं चार मोटरी त्या वेळात होत नाहीत, आणि रीडिंगची रांग नोंदवणं तर नाहीच.

तिसरा, दोन वायरींऐवजी चार वायरींनी मोजायचं. दोन वायरींतून करंट, वेगळ्या दोन वायरींतून व्होल्टेज. व्होल्टेजच्या वायरींतून करंट जवळपास वाहतच नाही म्हणून त्यांचा रेझिस्टन्स मोजण्यात येत नाही. अडचण एकच, या मॉड्यूलमधे चार वायरींना दोन चॅनल लागतात, आठाचे चार होतात. शेठ म्हणाले, "आठचे पैसे दिले आन् चारच वापरायचे? हे काऊन?" रास्त प्रश्न होता, माझ्याकडं त्याचं गोड उत्तर नव्हतं.

काय काय केलं

पहिल्यांदा मी चुकीच्या मागं गेलो. ही सिंगल फेज मोटर, तिच्या दुसऱ्या वाइंडिंगसोबत ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मला वाटलं मॉड्यूलचा करंट कपॅसिटर चार्ज करत बसतो म्हणून रीडिंग हलतं. चारही मोटरींचे कपॅसिटर सोडवले, अर्धा दिवस गेला, फरक शून्य. नंतर चहाच्या टपरीवर बिलाच्या मागं हिशेब केला, ४ मायक्रोफॅरड आणि दोन्ही वाइंडिंग मिळून दीडशे ओमच्या आसपास, टाइम कॉन्स्टंट, म्हणजे चार्ज व्हायच्या वेळेचं माप, मिलिसेकंदापेक्षाही कमी. हा हिशेब दोन मिनिटांचा होता आणि तो मी पेंचिस उचलण्याच्या आधी करायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीतून ४७ ओमचा वायरवाउंड रेझिस्टर आणला, पाच वॅटचा, काही रुपयांचा. ओळखीच्या लॅबमधल्या चांगल्या मीटरवर चार वायरींनी मोजून घेतला, ४७.१२. मग मोटर काढून तिच्या जागी तो लावला, बाकी काहीच बदललं नाही, तीच केबल, तोच कॉन्टॅक्टर, तेच चॅनल. कॉन्टॅक्टर चालू-बंद करून वाचत गेलो. ४८.४. परत चालू-बंद, ५०.३. परत, ४९.२. परत, ४८.९. भाऊ बाजूला उभे राहून बघत होते, म्हणाले, "हा तर तापून पण नाही राहिला!" तिथंच निम्मी केस सुटली.

यातला साधारण ०.९५ ओम केबलचा, जाऊन-येऊन २४ मीटर अर्ध्या स्क्वेअरची. तो निदान कायम असतो, थंड आणि गरम दोन्हीत मिसळतो, त्यानं उत्तर दीड-दोन डिग्री सरकतं, उड्या नाही मारत. उड्या मारत होता कॉन्टॅक्टर. त्याचे कॉन्टॅक्ट अँपिअरमधे करंट तोडायला बनवलेले असतात, भार तोडताना ठिणगी पडते आणि वरचा काळा थर जळून जातो. आपण त्याच कॉन्टॅक्टमधून १ मिलिअँपिअर आणि थोडेसे मिलिव्होल्ट पाठवतोय, त्यानं तो थर फुटत नाही, मग दर वेळी कॉन्टॅक्ट जसा बसेल तसा रेझिस्टन्स, कधी ०.३, कधी सव्वादोन. थंड मोजताना चांगला बसला आणि गरम मोजताना वाईट, की मोटर जास्त तापलेली दिसते, उलट झालं की थंड दिसते. ५३ आणि ७४ चा उलगडा एवढाच.

म्हणून चार वायरी. पण सेन्सच्या, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या, वायरींनाही २३० व्होल्टपासून दूर ठेवायचं होतं, आणि छोट्या सिग्नल रिलेवर ती जबाबदारी टाकायला मी तयार नव्हतो, रिले चिकटला तर मॉड्यूल गेलं आणि कदाचित पोट्ट्याचा हातही. शेवटी सरळ प्लग ठेवला. मोटरच्या टर्मिनलवरून चार वायरी, दोन जाड दोन बारीक, एका चार पिनच्या गोल प्लगमधे. फ्रेमवर दोन सॉकेट, एक चालवायचं ज्यात दोनच पिनांना सप्लाय, एक मोजायचं ज्यात चारही पिना केबिनकडं. एक प्लग एका वेळी दोन्हीकडं जाऊच शकत नाही. शेठना हे आवडलं कारण चार कॉन्टॅक्टर मोकळे झाले.

प्लगनं एक नवीन गोष्ट उघडी केली. सप्लाय काढला तरी पातं बराच वेळ फिरतं, आणि फिरतं तोवर रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व वाइंडिंगमधे व्होल्टेज तयार करतं, रीडिंग वाकडंतिकडं. थांबायची वाट पाहिली तर वाइंडिंग थंड होतं. पोट्ट्यानंच उपाय काढला, वुडवूलच्या जुन्या ताटीचा तुकडा लाकडी दांड्याला बांधून सप्लाय तुटल्यावर पात्याच्या कडेला टेकवायचा. सात-आठ सेकंदांत पातं उभं. प्लग बदलायला पाच सेकंद. पहिलं रीडिंग विसाव्या सेकंदाच्या आत मिळायला लागलं, मग दर पाच सेकंदांनी दोन मिनिटं वाचायचं आणि ती रेष मागं ओढून सप्लाय तुटल्या क्षणाचे ओम काढायचे.

बाकी दोन सेटिंग होत्या. मॉड्यूल कंपनीतूनच ६० हर्ट्झवर सेट होऊन आलेलं, म्हणजे एक रीडिंग १६.६७ मिलिसेकंदांचं. आपल्याकडं ५० हर्ट्झ, पूर्ण एक सायकल २० मिलिसेकंदांची, मग बाजूच्या मोटरींचा हम (सप्लायच्या ५० हर्ट्झची घुसखोरी) पूर्ण कटत नाही, उरलेला तुकडा रीडिंगमधे येतो. वाइंडिंग म्हणजे कॉइलच ना, हम पकडायला याहून चांगला अँटेना कुठला. ५० केलं आणि अर्ध्या ओमच्या उड्या शंभराव्या भागावर आल्या. दुसरी सेटिंग डिले. कॉइलमधे करंट बसायला वेळ लागतो, चॅनल बदलल्या बदलल्या वाचलं की पहिला आकडा वर यायचा, तो १०० मिलिसेकंद केला. ऑफसेट काँपेन्सेशनही चालू केलं, गरम टर्मिनलवर वेगवेगळे धातू जुळतात तिथं थोडं व्होल्टेज आपोआप तयार होतं, करंट देऊन एकदा आणि न देता एकदा मोजलं की ते वजा होतं.

रेझिस्टर परत लावला. ४७.१२, ४७.१३, ४७.१२. मग मोटरी. थंड ४७.४ च्या आसपास, गरम ६२.१, आणि तापमानवाढ ६५, ६७, ६६, ६६. सगळ्या जुळल्या, सगळ्या पास. शेठनी तर्री पोहे मागवले. मी बिल बनवायला घेतलं.

मग एसी बंद पडला

त्या शनिवारी केबिनचा एसी ट्रिप झाला. भाऊंनी त्याच मोटरी परत चालवल्या होत्या आणि दुपारी फोन आला, "भाऊ, वाढ ७८ येऊन राहिली. सगळ्यांचीच." ओम विचारले तर तेच, थंड ४७.४, गरम ६२.१. ओम तेच आणि उत्तर १२ डिग्रीनं वेगळं, म्हणजे ओम सोडून समीकरणात जे उरतं ते, थंड तापमान.

जाऊन सॉफ्टवेअर उघडलं. "कोल्ड टेंप" नावाच्या रकान्यात जो चॅनल जोडला होता तो मॉड्यूलच्या आतला सेन्सर होता, जो थर्मोकपलच्या कोल्ड जंक्शनसाठी, म्हणजे त्याच्या वायरी मॉड्यूलला जुळतात तिथलं तापमान कळायला, असतो. नावात कोल्ड दिसलं, जोडून टाकलं. तो सेन्सर एसीच्या केबिनमधे २६ डिग्री दाखवत होता आणि मोटरी बाहेर टिनाखाली ३६ वर होत्या. २६ धरला की गरम वाइंडिंग १०७ निघतं, ३६ धरला की १२०. शेवटी वजा होणारी हवा मात्र पोट्टा शेडमधली खरी ४१ टाइप करत होता. म्हणजे आम्ही ज्या ६६ वर पोहे खाल्ले ते खरं ७९ होतं. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या मोटरी पास होत होत्या त्याचं श्रेय केबिनच्या एसीला.

२०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते, आठवत असेल. त्या आकड्याकडं बघूनच लोक म्हणाले काहीतरी गडबड आहे, शहराचा उच्चांक ४८ च्या आत आणि हे ५६, आणि सेन्सरचाच दोष निघाला. आमचं ६६ तसं ओरडून सांगत नव्हतं. ते अगदी सभ्य दिसत होतं.

निकाल

मोटरी आदल्या संध्याकाळपासून फ्रेमवरच ठेवायच्या, थंड रीडिंग सकाळी सातला टिन तापायच्या आत, आणि एका मोटरच्या लोखंडी स्टॅकला (पत्र्यांच्या गाभ्याला) पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर चिकटवायचा, असं ठरलं. चॅनल चारच, त्यातला एक पीटी-१०० ला गेला, म्हणजे आता एका वेळी तीनच मोटरी. आठचे तीन झाले, हे शेठनी मला अजून ऐकवणं सोडलेलं नाही.

तीन मोटरी नीट मोजल्या, ७८, ८०, ७९. नापास. भाऊ गप्प, शेठ माझ्याकडं असे बघत होते जसं मोटरी मीच तापवल्या.

पण आता थंड ओमवर विश्वास ठेवता येत होता. ३६ डिग्रीचे ४७.४ ओम २० डिग्रीवर आणले तर ४४.६ होतात. डिझाइनच्या कागदावर ४३.० होते. जवळपास चार टक्के जास्त. आधी कॉन्टॅक्टरचे एक-दोन ओम मिसळलेले असायचे म्हणून हे कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. तारेच्या रिळातून तुकडा काढला, वरचं इनॅमल जाळून पुसलं, मायक्रोमीटर लावला. ०.२७ एमएमची तार ०.२६५ भरली. जाडी दोन टक्के कमी, ओम चार टक्के जास्त, हिशेब तंतोतंत.

नवीन तारेच्या मोटरी ७७ वर आल्या. म्हणजे तार हे एक कारण होतं, पूर्ण कारण नव्हतं, आणि मी शेठना तसंच सांगितलं. वेढे आणि स्टॅकची लांबी बदलणं सीझनमधे शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेल्या बॅचला क्लास एफची तार, स्लॉट पेपर आणि वार्निश वापरायचं ठरवलं, १५५ डिग्रीचं. खर्च वाढला. परत येणाऱ्या मोटरी किती कमी झाल्या ते पुढच्या सीझनच्या शेवटी कळेल.

हेच काम पुन्हा करायची वेळ आली तर

रेझिस्टर पहिल्या तासात लावीन. मोटरच्या जागी, अख्ख्या वायरिंगमधून, मॉड्यूलच्या तोंडाशी नाही. मॉड्यूलच्या तोंडाशी लावला असता तर ४७.१ दाखवून त्यानं मला आणखी फसवलं असतं. आता तो रेझिस्टर चार पिनच्या प्लगमधे बसवून पॅनेलला दोरीनं बांधलाय, रोज सकाळी आधी तो वाचायचा.

दुसरं, समीकरणातला प्रत्येक आकडा कुठून येतो ते बोट ठेवून विचारीन. ओमच्या मागं दोन दिवस घालवले आणि थंड तापमान ऐकून सोडून दिलं. आणि चारही आकडे जुळले तेव्हा मी थांबलो, ही खरी चूक. सकाळी मोटरला साधा हात लावला असता तरी कळलं असतं की ही २६ डिग्रीची नाही.

मॉड्यूल परत करायचा पर्याय आम्ही घेतला नाही ते बरं झालं, कारण नवीन मॉड्यूलही त्याच कॉन्टॅक्टरमागं बसलं असतं. मॉड्यूल केबिनमधे ठेवायचा मूळ निर्णय मात्र मी बदलणार नाही, धुळीत ते टिकलं नसतं.

बिल दिलं तेव्हा शेठनी चष्मा वर करून विचारलं, "कपॅसिटर काढले तो अर्धा दिवस यात धरला का?"

नव्हता धरला.